वरचा पंखा

हसायचं असेल तर आधी चहाचे कप खाली ठेवा. सांडलात तर मी पुसणार नाही! आणि एक सांगून ठेवतो, यात माझा पोपट झाला हे खरं, पण काम मी फत्ते केलं. ते कुणी नाकारायचं नाही.

होळी नावाच्या आमच्या बाजारात तेव्हा माझा व्हिडिओ शूटिंगचा गाळा होता. गाळा कसला, काडेपेटी! म्हणून मिक्सिंगसाठी कॉम्प्युटरही छोटाच घेतला, बुटाच्या खोक्यापेक्षा जरासा मोठा. विरारच्या शीतल मॅडमनी जोडून दिलेला. कॅमेऱ्यातलं मला विचारा, झोपेत सांगेन. कॉम्प्युटरमधलं? माउस कुठे धरायचा एवढंच ठाऊक. पण ते कबूल करील तो मी कसला!

भुईगावच्या पास्कोलकाकांच्या विल्सनचं लग्न मी शूट केलेलं. विल्सन जहाजावर नोकरीला. लग्नाला तीन आठवडे होत नाहीत तोच त्याला बोलावणं आलं. दुसऱ्या दिवशी दुपारी निघायचं, मग नऊ महिने परत नाही. मला म्हणाला, "दादा, बायको तर नेता येत नाही, निदान सीडी तरी दे." आता सांगा, अशा माणसाला नाही म्हणवतं?

आणि नेमका कॉम्प्युटर रुसला! नवरी चर्चच्या दारात आली, मी तिच्यावर गुलाबपाकळ्यांचा इफेक्ट सोडला, की पडद्यावर हिरव्या पट्ट्या आणि सगळं ठप्प. तीन वेळा केलं. तिन्ही वेळा नवरी दारातच. शेवटी झाकण उघडून आत बोट लावलं. आई गं! मॅडम ज्याला ग्राफिक्स कार्ड म्हणायच्या, ते तव्यासारखं तापलेलं.

शीतल मॅडमना फोन लावला. त्या बहिणीच्या साखरपुड्याला पालघरला गेलेल्या, उद्या दुपारनंतर येणार.

"कार्ड तापलंय? मग वरचा पंखा फिरतोय का बघा."

मी वर बघितलं. "फिरतोय. पण अगदी रडत रडत."

"आवाज करतो?"

"करकर करतो."

"धूळ?"

"बोटभर! दिवाळीत पुसलेला."

"मग बदलूनच टाका. चाळीसचा आणा."

"चाळीसचा? मॅडम, इथे अठ्ठेचाळीसचा लागतो."

"बसत असेल तर आणा की! मोठा असला तर गारही जास्त करेल. पण बसवायला जमेल तुम्हाला?"

"मला? चार बसवलेत आजवर!"

"चार? दादा, कमाल आहे हं तुमची. बसवताना मेन स्विच बंद करा. आणि झाकण उघडंच राहू दे."

इंजिनिअर बाई आपल्याला कमाल म्हणते! छाती फुगली ना माझी. तडक बाजारात गेलो, नवाकोरा अठ्ठेचाळीस इंची पंखा स्कूटरवर टाकून आणला आणि स्टुलावर चढलो. तेवढ्यात पास्कोलकाका सीडी झाली का विचारायला आले.

"अरे बाबा, बिघडलाय तो कॉम्प्युटर. तू वर काय करतोस?"

"काका, टेक्निकल आहे. तुम्ही स्टूल धरा."

बिचाऱ्यांनी धरलं. तासभर धरलं! वरून माझ्या हातून नट पडायचा, काका वाकून द्यायचे, की स्टूल डुगडुगायचं. दोघांनीही आपापल्या देवाला भरपूर हाका मारल्या.

मेन स्विच लावला. रेग्युलेटर पाचवर. वादळ हो, वादळ! कॅलेंडर उडालं, काकांची टोपी उडाली, उघड्या खोक्यात धो धो वारा. मी नवरीला पुन्हा चर्चच्या दारात आणलं आणि पाकळ्या सोडल्या. काकांनी छातीवर क्रूसाची खूण केली.

पाकळ्या पडल्या. पट्ट्या नाहीत! नवरी आत गेली! वेदीपर्यंत गेली! "पोचली!" म्हणून मी असा ओरडलो की शेजारचा शिंपी मशीन सोडून धावत आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी विल्सनने गाळ्यात उभ्या उभ्या सीडी बघितली. मग मला घट्ट मिठी मारली. सीडी बॅगेत न टाकता हातात धरूनच गेला पोरगा. खोटं कशाला सांगू, मलाही भरून आलं.

दुपारनंतर शीतल मॅडम हजर. "दाखवा आधी. माझा तर विश्वासच बसत नाही. अठ्ठेचाळीसचा पंखा आत बसवलात कसा?"

"आत?" मी ऐटीत वर बोट केलं.

त्यांनी वर बघितलं. मग कॉम्प्युटरकडे. मग माझ्याकडे. आणि मटकन खुर्चीत बसून डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या! पर्समधून बिस्किटाएवढा एक पंखा काढून म्हणाल्या, "अहो दादा, वरचा म्हणजे कार्डावरचा! चाळीस मिलिमीटर!"

कार्डावर तसाच एक होता, धुळीने गच्च होऊन केव्हाच बंद पडलेला. मी तो बघितला नव्हता का? बघितला होता. मला वाटलं, शोभेचं फूल आहे.

"पण सीडी झाली की नाही?" मी ठणकावून विचारलं.

"झाली हो, झाली!" डोळे पुसत त्यांना कबूल करावंच लागलं.

म्हणजे जिंकलं कोण? मीच! फक्त झालं काय, काकांनी माझी ही कीर्ती भुईगावभर केली. तेव्हापासून तिथून लग्नाची ऑर्डर येते ती अशी: "शूटिंगला नक्की ये हां, आणि येताना पक्कड घेऊन ये. आमच्या हॉलमधला पंखा जरा हळू फिरतोय."