तराजूवरची बॅटरी

माझी मोठी बहीण, म्हणजे आमची बाई, गावच्या तलावातली मासोळी ब्रह्मपुरीच्या बाजारात नेऊन विकते. वास येतो म्हणून जीपवाले तिची टोपली घेत नाहीत. शेवटी मागच्या वर्षी तिने सायकलच्या मागच्या चाकात बॅटरीवर चालणारी मोटर बसवून घेतली. मला आनंद झाला, तो दोन महिने टिकला.

मग सायकल बंद पडायला लागली. तेही कुठे, तर हायवेला लागण्याआधीच्या चार किलोमीटर जंगलात, ऐन चढावर! त्या पट्ट्यात वाघीण पिल्लं घेऊन फिरते हे सगळ्या गावाला माहीत आहे. दोनदा बाई तिथे पहाटे एकटी उभी राहिली, मासोळीची टोपली घेऊन. दहा मिनिटं थांबलं की सायकल आपोआप सुरू व्हायची. आणि हे तिने मला कधी सांगावं? आठ दिवसांनी, चहा पिता पिता, चप्पल तुटल्याचं सांगावं तसं.

"बॅटरी तापते," असं तिचं निदान होतं. त्यावर उपायही तिने करून टाकला होता. मासोळी तापू नये म्हणून बर्फात ठेवतात, तर बॅटरीही तिने ओल्या पोत्यात गुंडाळून बर्फाच्या डब्याला बांधली होती. माझं डोकंच फिरलं. उभं आयुष्य मी आयटीआयमध्ये वायरमनचा वर्ग घेतला, आणि माझी सख्खी बहीण बॅटरी भिजवत होती!

"बाई, तू तिले आंघोळ घालून राह्यली का?"

"मंग का करू? तापते तं थंड नाई करा?"

मी तणतणत पोतं सोडलं, बॅटरी पुसली, उचलली आणि तसाच थबकलो. वरच्या स्टिकरवर ठळक छापलेलं होतं: अठ्ठेचाळीस व्होल्ट, वीस अँपिअर-तास. मोटर हजार वॅटची, म्हणजे चढावर ती वीस-पंचवीस अँपिअर ओढणारच. वीस अँपिअर-तासांची बॅटरी खरी असेल तर तिच्यात शंभरेक सेल हवेत. एकेक सेल साधारण पंचेचाळीस ग्रॅमचा. नुसते सेलच साडेचार किलोंच्या घरात गेले, पेटीचं वजन वेगळंच. हातातलं ओझं तेवढं नव्हतं.

"तुझा काटा आन," मी म्हणालो.

मासोळीच्या काट्यावर बॅटरी ठेवली. पेटीसकट दोन किलो सहाशे. निम्मे सेल, बाकी स्टिकर! निम्म्या सेलांवर पूर्ण मोटरचा भार पडला की आतलं सर्किट बॅटरी वाचवायला वीजच तोडतं, आणि जरा थांबलं की पुन्हा जोडतं. बर्फाने त्यात काय होणार? मी बॅटरी विकणाऱ्या दुकानदाराला फोन लावला. तो म्हणतो, "सर, कंपनी का माल है, जो लिखा है वही है।" लिहायला काय लागतं! मी तोंडाला येईल ते बोललो आणि फोन ठेवला.

मग राग बाईवर निघाला. ही बाई रोहू नुसता हातात धरून त्याचं वजन सांगते, फार तर पन्नास ग्रॅम इकडेतिकडे. काट्यावर बोट ठेवणाऱ्या व्यापाऱ्यांना हिने भर बाजारात सोलून काढलंय. आणि हीच बाई शेजारणींना सांगत फिरत होती, की माझी बॅटरी पाहा किती हलकी, एका हाताने उचलते!

"जनमभर एक मासोळी तरी न तोलता घेतली का तू? मंग हे काऊन घेतली?"

 बाईने फोन काढला, त्यातले जुने मेसेज बराच वेळ बोटाने सरकवले आणि फोन माझ्यासमोर धरला. त्याच स्टिकरचा फोटो होता, दुकानातून मला पाठवलेला. खाली माझं उत्तर: "बरोबर आहे, घे."

मला आठवलं. अठ्ठेचाळीस गुणिले वीस, नऊशे साठ, मोटरच्या हजार वॅटच्या जवळ, झालं. वजन मी विचारलंच नव्हतं.

"तू म्हनला, म्हून मी नाई तोलली," बाई म्हणाली. "आता उद्या सकाळी जंगलातून कशी जाऊ, थे सांग."