नॉर्बर्टने बसवलेले ब्रेक

अमेरिकेतल्या वेस्ट अॅलिस गावच्या त्या गल्लीत पुरुषाने गाडी गॅरेजवाल्याकडे नेणं म्हणजे नामुष्की. त्यापेक्षा घटस्फोट परवडला. त्यात निदान निम्मा दोष बायकोवर ढकलता येतो. आपल्या गाडीचं तेल आपण बदलायचं, ब्रेक आपण बसवायचे, आणि तेही घरापुढच्या सिमेंटच्या वाटेवर, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. दाराआड केलेल्या दुरुस्तीला तिथे कुणी दुरुस्ती मानत नसे.

नॉर्बर्ट झिएलिन्स्कीने हा मान लग्न झाल्यापासून सांभाळला होता. गवत कापायच्या यंत्रांची इंजिनं बनवणाऱ्या कारखान्यातून तो निवृत्त झालेला. तिथे त्याचं काम खोक्यांना पट्ट्या मारण्याचं. आतल्या इंजिनाशी त्याचा संबंध वजनापुरता. पण "नॉर्ब इंजिनाच्या कारखान्यात होता" एवढं वाक्य गल्लीला पुरत असे, आणि पुढे पुढे ते नॉर्बलाही पुरू लागलं. कुणाची गाडी खडखडली की तो मान तिरकी करून ऐके, "हंऽ" म्हणे आणि निघून जाई. त्याची निम्मी कीर्ती त्या हुंकारावर उभी होती. उरलेली निम्मी त्याच्या बायकोने, अर्लीनने, उभी केली होती.

नॉर्बर्टने ब्रेक बसवले की लगेचच्या सोमवारी अर्लीन "केस सेट करून येते" म्हणून गाडी घेऊन निघे, ती थेट मर्लच्या गॅरेजात. मर्ल त्यांच्याच चर्चमधला. तो चाक काढून आत डोकावे. एकदा चाकाच्या चकतीला आवळणाऱ्या दोन पॅडपैकी आतला बाहेर आणि बाहेरचा आत बसलेला निघाला. एकदा बोल्ट बोटांनी फिरेल इतका सैल होता. एकदा तर पॅडची लोखंडी पाठच चकतीकडे होती. मर्ल सगळं उपसून नीट करी, बहुतेकदा आपल्याकडचे नवे पॅड घाली आणि म्हणे, "मनाने फार चांगला माणूस आहे बरं का आपला नॉर्ब." मग अर्लीन खरोखरच केस सेट करून घरी येई. खोटं बोलायचं तर पुरतं बोलावं, असं तिचं मत होतं.

गल्लीत हे सगळ्यांना ठाऊक होतं, पाद्र्यालासुद्धा. पण नॉर्बर्टला कोण सांगणार? झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि ही मूठ तर सगळी गल्ली मिळून झाकत होती.

त्या वर्षी पानगळीच्या दिवसांत अर्लीनच्या उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालं. हात झोळीत अडकला आणि गाडी चालवायला मनाई झाली. नेमक्या त्याच आठवड्यात मागचे ब्रेक किंचाळू लागले. शुक्रवारी तळलेले मासे खाऊन दोघं घरी येत होती, तेव्हा नॉर्बर्टने मान तिरकी केली.

"हंऽ. मागचे पॅड संपले. उद्या बदलून टाकतो."

"सोमवारी मला टाके काढायला जायचंय," अर्लीन म्हणाली.

"म्हणून तर उद्या."

अर्लीन मनाशी हिशेब करू लागली. सोमवारी हॉस्पिटलात जायचं म्हणजे हायवेने जायचं, नॉर्बर्टच्या ब्रेकवर, आणि मध्ये मर्ल नाही. शेजारच्या डुएनला "मला सोड" म्हणावं, तर धडधाकट नवरा घरात बसलेला. ते म्हणजे इतकी वर्षं झाकलेलं त्याच्या तोंडावर उघडं करणं. एकीकडे जिवाची भीती आणि दुसरीकडे नवऱ्याचा उतरलेला चेहरा. त्यातला चेहराच तिला जड वाटत होता, आणि त्याबद्दल तिला स्वतःचा राग येत होता.

शनिवारी सकाळी नॉर्बर्टने गाडी जॅकवर चढवली, तशी अर्लीन घडीची खुर्ची घेऊन बाहेर आली. आजवर अशा वेळी ती स्वयंपाकघरात असे. न बघितलेलं बरं, म्हणून.

"आज बाहेर कशी?" त्याने विचारलं.

"आत बसून विटले रे. तुझं चालू दे."

तेवढ्यात डुएन बिअरचे डबे घेऊन आला आणि सिमेंटची वाट जिथे सुरू होते तिथे, एक पाऊलही पुढे न टाकता, उभा राहिला. त्या मुलखात दुसऱ्याच्या कामात तोंड घालणं असभ्य समजतात. तोंड न घालता राहणं मात्र कुणालाच जमत नाही. म्हणून त्यांनी मेव्हणा शोधून काढला आहे. काम करणाऱ्याची चूक त्याला सांगायची नाही. तीच चूक आपल्या मेव्हण्याने केली होती आणि मग त्याचं काय झालं, ते सांगायचं. डुएनच्या मेव्हण्याने आजवर जेवढ्या चुका केल्या होत्या, तेवढ्या एका जन्मात होणं कठीण. शिवाय डुएनला बहीण नव्हती, आणि त्याची बायको एकुलती एक.

"माझा मेव्हणा एकदा दुसऱ्या चाकांना अडण न लावताच गाडी उचलत होता," डुएन हवेत बघत म्हणाला.

नॉर्बर्टने बिअरचा घोट घेतला. थोड्या वेळाने, जणू आपल्याच मनात आलं म्हणून, उठून त्याने पुढच्या चाकांना लाकडी ठोकळे लावले.

चाक निघालं. बोल्ट निघाले. चकतीला दोन्ही बाजूंनी पकडणारा लोखंडी चिमटा नॉर्बर्टने वर उचलून तारेने टांगला आणि जुने पॅड उपसून वर्तमानपत्रावर ठेवले. झिजून पत्रा झाले होते, पण कडेचा हिरवा रंग अजून दिसत होता. शेजारी दुकानातून आणलेले नवे पॅड होते, काळे कुळकुळीत. नॉर्बर्ट दर वेळी काळेच आणी.

अर्लीन खुर्चीत पुढे सरकली. हिरवे पॅड मर्लचे. इतकी वर्षं तिने केसांची सबब सांभाळली, पावत्या फाडल्या, गल्लीची तोंडं बंद ठेवली. आणि बसवतो काळे पण झिजून निघतात हिरवे, हे नॉर्बर्टला दर खेपेला दिसत असणार, एवढी साधी गोष्ट तिच्या कधी डोक्यात आली नव्हती. शहाणपणाचा मक्ता आपल्याकडेच आहे असं धरून चाललं की असं होतं.

नॉर्बर्टने हिरवा पॅड हातात फिरवून पाहिला. "चांगले टिकले," म्हणाला, आणि बाजूला ठेवला. डुएनला अचानक झाडावरच्या खारीत फार रस वाटू लागला.

मग काम अडलं. नवे पॅड जाड, म्हणून चिमट्यातला, पॅडला रेटणारा पिस्टन आत सारायला हवा. नॉर्बर्टने त्याला शिकंजा लावला आणि पिळायला सुरुवात केली. पिस्टन हलेना. त्याने दात ओठ खाऊन आणखी पिळलं. शिकंजा करकरला, पिस्टन ढिम्म. हे कसं फुटतं ते अर्लीनने मर्लकडे डोळ्यांनी पाहिलं होतं. पुढच्या चाकांचा पिस्टन दाबून आत जातो. ह्या गाडीचा मागचा फिरवत न्यावा लागतो. मर्लने तिला ते दर वेळी सांगितलं होतं, आणि तिला ते आता पाठ झालं होतं.

तिने डुएनकडे पाहिलं. डुएनने डब्यात पाहिलं. त्याचा मेव्हणा बहुधा इथवर पोचलाच नव्हता.

"आमच्या डोलोरसचा नवरा असाच पिळत बसला होता," अर्लीन म्हणाली. "फुटला शेवटी. ते म्हणे स्क्रूसारखं फिरवायचं असतं."

दोघेही पुरुष तिच्याकडे बघायला लागले. मेव्हण्याचा हा धंदा बायकांनी करायचा नसतो.

"कुठली डोलोरस?" नॉर्बर्टने विचारलं.

"माझी मामेबहीण."

"ती नन झाली ना?"

"त्याच्या आधीची गोष्ट."

"नन व्हायच्या आधी नवरा होता तिला?"

"थोडे दिवस."

डुएनला ठसका लागला. नॉर्बर्ट उठला, गॅरेजात गेला, आत बराच वेळ खुडबुड करत राहिला आणि लांब चोचीची पक्कड घेऊन आला. पिस्टनच्या खाचांत चोच अडकवून त्याने हळूहळू फिरवायला घेतलं, आणि पिस्टन शहाण्या मुलासारखा आत गेला.

"माझ्या मनात हेच होतं," तो म्हणाला.

"तुला काय सांगायला हवं," अर्लीन म्हणाली.

दुपारपर्यंत दोन्ही चाकं झाली. आतला पॅड आत बसला, बाहेरचा बाहेर. अर्लीनने एकेक बोल्ट डोळ्यांत तेल घालून पाहिला. नॉर्बर्ट गाडीत बसून किल्ली फिरवणार, तेवढ्यात ती म्हणाली, "डोलोरसचा नवरा निघायच्या आधी ब्रेक बराच वेळ पायाने दाबून बघायचा. घट्ट लागेपर्यंत."

"एवढा हुशार नवरा, आणि ती नन झाली?"

"हुशार होता म्हणूनच."

नॉर्बर्टने ब्रेक दाबले, पुन्हा पुन्हा दाबले, आणि पाय घट्ट लागल्यावरच एकट्याने गल्लीला फेरी मारली. गाडी कोपऱ्यावर निमूट थांबली. डुएन म्हणाला, "वाईट नाही." त्या मुलखात ह्याहून मोठी शाबासकी नसते.

सोमवारी सकाळी अर्लीन त्याच्या शेजारी बसली. पट्टा त्यानेच लावून दिला, दुखऱ्या खांद्याला धक्का न लावता. हायवेच्या अलीकडचा चौक आला. सिग्नल लाल होता. गाडी आवाज न करता थांबली, आणि अर्लीनने धरून ठेवलेला श्वास सोडला.

"डावीकडे हॉस्पिटल," नॉर्बर्ट समोर बघत म्हणाला. "उजवीकडे मर्ल."

अर्लीनचे कान तापले.

"हिरवे पॅड मी उभ्या जन्मात विकत आणलेले नाहीत," तो म्हणाला.

"मग बोलला का नाहीस कधी?"

"काय बोलायचं? तू केस सेट करून यायचीस. छान दिसायचीस." त्याने सिग्नलकडे पाहिलं. "आणि बोललो असतो तर तू लाजेकाजेस्तव जायची बंद झाली असतीस. मग माझ्या ब्रेकवर गाडी चालवत फिरली असतीस गावभर."

अर्लीनला हसूही आलं आणि डोळेही भरले. तिने ते डाव्या हाताने पुसले.

"डावीकडे घे, नॉर्ब," ती म्हणाली. "ह्या वेळी नीट बसलेत. मी स्वतः पाहिलंय सगळं. माझा भरवसा आहे."

सिग्नल हिरवा झाला. मागे गाडी होती. तिकडे कुणी हॉर्न वाजवत नाही.

"तुझा असेल गं," नॉर्बर्ट म्हणाला. "पण गाडीत तू आहेस ना." आणि त्याने गाडी उजवीकडे वळवली.