दाभणानं शिवलेली राणी

मी तिसरीपर्यंत शिकलो, तीही अर्धवट. वाचायला मला शाळेनं नाही, कॉमिकांनी शिकवलं, आणि हे मी कुणालाही तोंडावर सांगतो. चित्रात माणूस तलवार उपसून उभा असला तर त्याच्या डोक्यावरच्या फुग्यात ‘थांब’ असंच काहीतरी असणार, एवढं कळायला मास्तर लागत नाही. पिरंगुटला कारखान्यात पोती चढवायच्या कामावर होतो तेव्हा बाजारातल्या रद्दीवाल्याकडून कॉमिकं आणायचो. आता दोन लोखंडी पेट्या भरल्यात. भावकीतले म्हणतात, म्हातारा पोरांची पुस्तकं वाचतो. म्हणू देत. त्यांनी आजवर काय वाचलंय ते मला माहीत आहे. लग्नपत्रिका.

माझी सगळ्यांत लाडकी गोष्ट एका दर्यावर्दी राणीची, बारा भागांची. अकरा भाग माझ्याकडं होते, नववा नव्हता. आठव्याच्या शेवटी शत्रू राणीला लोखंडी संदुकीत घालून, कुलूप ठोकून समुद्रात टाकतो. दहाव्याच्या पहिल्याच चित्रात राणी हत्तीवर बसून आंबा खातेय. मधे काय झालं, ते कळावं म्हणून मी रद्दीचे किती ढीग उपसले त्याला हिशेब नाही. शेवटी मीच जुळवलं की राणीनं नथीच्या तारेनं कुलूप उघडलं. गावातल्या पोरांना तसंच सांगत आलो, मग त्या पोरांच्या पोरांनाही. पुस्तकात असंच हाय का, असं कुणी विचारलं तर बेधडक व्हय म्हणायचो.

भाग इकडंतिकडं होऊ नयेत म्हणून मी अकराही एकावर एक ठेवून दाभणानं शिवून टाकले होते, भाताचं पोतं सुतळीनं शिवतात तसे. पुण्याचा एक जुन्या पुस्तकांचा शौकीन ते बघून डोक्याला हात लावून बसला. “काका, भोकं पाडलीत.” मी म्हटलं, “पाडली. पान गळालं का एक तरी?”

आम्ही पिरंगुटजवळच्या चांद्याचे. घराच्या वर खोल्या काढल्यात, त्यातल्या एकीत परभणीकडची मुलगी भाड्यानं राहते, हिंजवडीला कंपनीत जाते. एका रविवारी मी ओट्यावर राणी उघडून बसलो होतो. ती जिना उतरता उतरता थांबली.

“काका, हे तर आमच्या बाबांकडं आहे. फक्त शेवटचा भाग नाही.”

माझा चष्मा नाकावरून घसरला. तरी आवाज साधा ठेवून विचारलं, “नववा हाय का?”

“आहे ना. बाबा पुढच्या आठवड्यात येणारच आहेत. तुम्ही बारावा वाचायला द्या, ते नववा आणतील.”

“माझा शिवलेला हाय.”

“मग उसवा की.”

“उसवायचा न्हाई. आन माझं पुस्तक घराभाईर जात न्हाई.”

तिनं तिथंच बापाला फोन लावला. मग तीच म्हणाली, तुम्ही शेवट तोंडी सांगा, बाबा नववा तोंडी सांगतील. मी म्हटलं, चित्र बघितल्याबिगर ऐकून काय करू. ती फोन कानाला तसाच धरून हसली. “ते पण आत्ता हेच म्हणतायत.”

बाप आला. माझ्याच वयाचा, ताठ मानेचा. रामराम झाला, पीकपाण्याचं बोलणं झालं, पुस्तकाचं नाव ना त्यानं काढलं ना मी.

दुसऱ्या दिवशी मुलगी रुमालानं झाकलेलं ताट घेऊन खाली आली. “बाबांनी दिलंय,” म्हणून माझ्या बायकोच्या हातात ठेवलं आणि वर निघून गेली. बायकोला वाटलं धपाटे असतील. रुमाल काढला तर नववा भाग.

आता आमच्याकडं कुणाचं आलेलं ताट रिकामं परत जात नाही. मूठभर साखर का होईना, घालून द्यायची. परभणीकडंही तसंच असणार, त्याशिवाय त्यानं पुस्तकावर रुमाल टाकला नसता.

मी बायकोला म्हटलं, “इंद्रायणी घाल ताटात. चांगला शेरभर घाल.”

“आवं, धपाटं आलं असतं तर तांदूळ गेला असता. पुस्तकावर पुस्तकच जातंय.”

“मग ताट ऱ्हाऊ दे हितंच.”

“लोकाचं ताट ठिवून घेताय? त्यापरीस न वाचता परत द्या.”

हे ती मुद्दाम म्हणाली. मला काय जमणार नाही ते तिला ठाऊक आहे.

वाचलं. एका कोळ्याच्या जाळ्यात संदूक लागते. तो दगडानं कुलूप फोडतो, राणी बाहेर येते. दोन पानांत संपलं. बाकी सगळा भाग कोळ्याच्या लग्नाचा, त्यात हत्ती आणि आंबे. नथ कुठंच नाही. गावातली निम्मी माणसं माझी नथ ऐकून मोठी झालीत. मला त्या चित्रं काढणाऱ्याचा राग आला. पण वाचून झालं होतं, आता मागं फिरता येत नव्हतं. विळी घेतली आणि सुतळी कापली. कडेला भोकांची रांग असलेला बारावा ताटात ठेवला, वर रुमाल टाकला आणि स्वतःच जिना चढलो.

बापानं माझ्यासमोरच वाचायला घेतला. मी खिडकीतून हिंजवडीचे टॉवर बघत बसलो, कान मात्र पान उलटायच्या आवाजाकडं. संपल्यावर त्यानं भोकांवरून बोट फिरवलं.

“दाभण?”

“दाभण.”

“मी डिंकानं चिकटवलेत. हा नववा सोडवता सोडवता मागचं पान गेलं बघा.” मग म्हणाला, “राणीला शेवटी राज्य मिळालं, चांगलं झालं. नववा कसा वाटला?”

“समदं कोळ्यानंच केलं. राणीनं काय केलं? बसून ऱ्हायली.” आणि मग, का कोण जाणे, माझी नथ मी त्याला सांगितली. ती मीच रचलेली आहे, हेही सांगितलं. हे मी बायकोपाशीसुद्धा कधी कबूल केलेलं नाही.

त्यानं डोळे मिटून सगळं ऐकलं. “पण कुलूप बाहेरून राहतं ना भाऊ. आतून तार पोचणार कशी?”

इतक्या वर्षांत एकाही पोरानं हे विचारलं नव्हतं. मी म्हटलं, “संदुकीला फट असती.”

“फट असली तर पाणी शिरंल. राणी बुडंल.”

“फट वरल्या अंगाला हाय.”

“समुद्रात वरलं अंग कोणतं?”

मुलीनं चहा आणून ठेवला, तो तसाच राहिला. बापानं तिच्या ऑफिसच्या कागदाच्या पाठीवर चौकोनी संदूक काढली, कुलूप काढलं, आणि कागद माझ्यापुढं सरकवला. “दाखवा, तार कुठून घालायची.”

मी पेन्सिल घेतली.