कुकरच्या मुठीतली वाळू

नातीने आज जुन्या कुकरची सैल झालेली मूठ काढली, तर स्क्रूच्या खाचेतून चिमूटभर तांबडी वाळू ओट्यावर सांडली. नामिबियाची. इतकी वर्षं कुकरने शिट्ट्या मारल्या, पण ही जागची हलली नाही. अगदी माझ्यासारखीच.

आम्ही चार मैत्रिणी भाड्याची गाडी घेऊन तिथलं वाळवंट हिंडलो. पुण्याहून हा कुकर मी नेला होता. माझ्या खिचडीवाचून परदेशात सगळ्या उपाशी मरतील, अशी माझी ठाम समजूत! वाळूच्या उंच टेकडीपाशी पोचलो, तेव्हा सुधा म्हणाली, "ठेव गं तो कुकर, चल वर!"

"आणि सामान कोण बघणार?"

मैलोन्‌मैल तिथे एक कावळा तेवढा होता. त्याच्यापासून मी कुकर राखला. शहाणीच मी!

खाली उतरल्यावर सुधाने माझ्यापुढे बूट झटकले. "घे बाई, तुझ्या वाटचं शिखर."

"अगं, खिचडीत जाईल ना वाळू!" मी खेकसले.

सुधा आता नाही. उरलेल्या दोघींना ते वाळवंट धड आठवत नाही, आणि मला चार पायऱ्या चढवत नाहीत. घरी मात्र मी वर चढल्याचंच सांगत आले. खोटं बोलायला गुडघे लागत नाहीत.

नातीने ओटा पुसायला फडकं घेतलं. "आजी, वरून काय दिसलं होतं गं?"

"खाली एक बाई दिसली," मी म्हटलं, "कुकर धरून बसलेली."