मानेवरचा डाग

मुरूडच्या बाजारात माझं न्हाव्याचं दुकान होतं. गावात सिद्दींची घरं बरीच. त्यांतले पुरुष दाढीला माझ्याकडे येत, कारण त्या दाढीची रीत मला वडिलांनी शिकवली होती. त्यांचे केस कुरळे. वस्तऱ्याने अगदी मुळापासून काढले तर वाढताना वळून पुन्हा कातडीत शिरतात आणि हनुवटीखाली पुळ्या उठतात. म्हणून आधी गरम पाण्याचं फडकं ठेवायचं आणि उलटा वस्तरा कधी फिरवायचा नाही. डोक्यात खवडे, मानेवर गजकर्ण, काहीही निघालं तरी घरच्यांच्या आधी ते आम्हाला दिसायचं.

एक सिद्दी चाचा दर गुरुवारी येत. नवाबाचं संस्थान होतं तोवर ते पहाऱ्यावर होते. संस्थान गेलं, नोकरी गेली, तेव्हापासून ते होड्यांसाठी काथ्याचे दोर वळायचे. उंच, ताठ माणूस. खुर्चीत बसला की बोलणं थांबायचं नाही.

एका गुरुवारी त्यांच्या डाव्या कानामागे, मानेवर मला डाग दिसला. सुपारीएवढा, बाकीच्या काळ्या कातडीहून फिकट, कोरडा. मान घामाने भिजलेली, डागावर मात्र थेंब नाही. मी वस्तऱ्याचं टोक हळूच टेकवलं. एरवी जरा लागलं तरी ओरडणारा माणूस, पण त्यांना पत्ताच नव्हता. बोट फिरवलं तर कानाखालची शीर सुतळीसारखी जाड लागली. वडिलांनी मला असे दोन डाग दाखवले होते. हा महारोग होता.

चाचा त्या वेळी मुलीच्या लग्नाचं सांगत होते. श्रीवर्धनकडचं चांगलं घर, तीन महिन्यांवर निकाह.

मी गप्प बसलो. ही गोष्ट बाहेर फुटली तर लग्न मोडणार, हे मला दिसत होतं. लग्न होऊ दे, मग सांगू, असं मी मनाशी ठरवलं. लग्न झालं, तरी जीभ उचलेना. महारोग्याची दाढी करतो म्हटल्यावर माझ्या खुर्चीत कोण बसणार, ही भीतीही होतीच, ती का लपवू? मी त्यांचे मागचे केस लांब ठेवू लागलो, डाग झाकला जाईल एवढे. त्यांचा वस्तरा वेगळा उकळायचो.

डाग दिसल्यापासून दीड वर्षाने, एका गुरुवारी ते आले तेव्हा डाव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट वाकलं होतं. बोटावर विडीचा चटका होता, तो कधी बसला हे त्यांना ठाऊक नव्हतं.

“दोर धरवत न्हाय रे,” ते म्हणाले. “हात सुटतोय.”

तेव्हा मी सांगितलं. दुसऱ्याच दिवशी त्यांना अलिबागला डॉक्टरकडे घेऊन गेलो. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. “रोग थांबेल,” ते म्हणाले, “बोटं मात्र आता सरळ होणार नाहीत. डाग उठला तेव्हाच यायचं होतं.”

परतताना आम्ही रेवदंड्याच्या खाडीवर तरीची, पलीकडे नेणाऱ्या होडीची, वाट बघत बसलो.

“तुला कवा दिसला?”

“लग्नाच्या आधी.”

त्यांनी उजव्या हाताने ती वाकलेली बोटं ताणून पाहिली.

“लग्न मोडलं असतं, चाचा.”

“मोडलं असतं. ते मी बघितलं असतं, पोरीनं बघितलं असतं. तू कोण ठरवणारा?”

होडी आली, आम्ही वेगवेगळ्या टोकांना बसलो.

ते पुन्हा माझ्या खुर्चीत बसले नाहीत. दाढी वाढवली. गोळ्या त्यांनी नेमाने घेतल्या आणि डागही विरला म्हणे, पण दोर वळणं संपलं. गावाला कळायचं ते कळलं. श्रीवर्धनच्या सासरच्यांनी मुलीला माहेरी पाठवणं बंद केलं. चाचा वारले तेव्हाही तिला येऊ दिलं नाही. मी जनाज्याला गेलो आणि रस्त्याच्या कडेला उभा राहिलो. मला कोणी ‘ये’ म्हटलं नाही, ‘जा’ही म्हटलं नाही.