आप्पांचा ऑनलाइन अर्ज

किस्से काही कोणी ठरवून जमवत नाही. माझी टायपिंग इन्स्टिट्यूट होती तेव्हा मुलींचे चुकलेले कागद मी फेकत नसे, मागची बाजू कोरी असते म्हणून ठेवून द्यायचे. वर्षभरात कपाट भरायचं. किस्स्यांचंही तसंच होतं. पुढे टाइपरायटर भंगारात गेले, बीडच्या बसस्टँडसमोर त्याच खोलीत मी चार कॉम्प्युटर टाकून नेट कॅफे काढला, आणि कागदांऐवजी माणसंच साचायला लागली. त्यांतल्या तिघा-चौघांचे हे किस्से. मैत्रिणींत सांगितले की सगळ्या हसतात. मीही हसते. घरी जाताना मात्र दरवेळी वाटतं, आपण हसायला नको होतं.

*

पहिले आप्पा. मांजरसुंब्याहून आत एका गावात त्यांचं किराणा दुकान. गावाचं नाव सांगत नाही, कारण तिथला सरकारी दवाखाना अजून आहे आणि त्याच्यावर बोर्डही आहे. आप्पांच्या कपाळावर भस्माचे तीन पट्टे, खिशात चष्मा, हातात प्लास्टिकची पिशवी. पिशवीत तीन वर्षांचे अर्ज. सगळ्यांचा विषय एकच, गावच्या दवाखान्यात डॉक्टर नेमावा.

त्या दवाखान्याला इमारत होती, पाण्याची टाकी होती, डॉक्टरची खुर्चीसुद्धा होती. डॉक्टर तेवढा नव्हता. आप्पांची मुलगी मंगल बाळंतपणाला माहेरी आली होती. भर दुपारी तिला तिथं नेलं. नर्सबाईंनी होईल ते केलं, पण रक्त थांबेना. बीडला न्यायला जीप येईपर्यंत मंगल दवाखान्याच्या ओसरीवरच गेली. बाळही गेलं. हे आप्पांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं, कोणाला पत्ता सांगावा तितक्या सपाट आवाजात. मग म्हणाले, "बाई, आता कागद बास झाले. मास्तर म्हनत्यात, तुमच्या मशिनीतून अर्ज केला तर थेट दिल्लीला जातो."

मास्तर म्हणजे सय्यद मास्तर. रिटायर्ड, गणित आणि इंग्रजी शिकवायचे. त्यांनी पेपरात वाचलं होतं की नेटवर अर्ज टाकला की जगातला कोणीही त्यावर सही करू शकतो आणि सरकार घाबरतं. सरकार घाबरतं, हे मास्तरांनी पदरचं घातलेलं असावं.

मराठी टाइप केलं की त्या साइटवर नुसते चौकोन उमटायचे, म्हणून अर्ज इंग्रजीत. मास्तरांनी आठ दिवस घेतले. वाचून दाखवताना वाक्यावाक्याचा मराठीत अर्थ सांगत होते. आम्ही अत्यंत नम्रपणे, आपल्या चरणी, हात जोडून, वगैरे. आप्पा मान खाली घालून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "मास्तर, लई नम्र झालंय. पोरगी आमचीच मेलीय."

*

सही करायची तर प्रत्येकाचा स्वतःचा ई-मेल लागायचा. गावात तो एकाकडेही नव्हता. मग आप्पा दर सोमवारी चार-पाच माणसं एसटीनं घेऊन यायचे आणि मी एकेकाचा ई-मेल उघडायचे. लोडशेडिंगच्या वेळा सांभाळून हे सगळं. मध्येच लाइट गेली की अर्धवट भरलेला माणूस परत पहिल्यापासून भरावा लागायचा.

फॉर्ममध्ये जन्मतारीख असते. पहिला म्हणाला, एक जून. दुसराही एक जून. तिसराही. शाळेत नाव घालताना गुरुजींनी सगळ्यांना तीच तारीख दिलेली, साल तेवढं पुढंमागं. जे शाळेची पायरी चढले नव्हते त्यांनीही, पुढचे तेच म्हणतायत म्हणून, एक जूनच सांगितली. सतराव्या माणसाला मशीन अडून बसलं. एकाच जागेवरून, एकाच तारखेला जन्मलेली इतकी माणसं? ही माणसं खरी नसावीत असं त्याचं म्हणणं पडलं आणि ते पुढचं खातं उघडू देईना.

मास्तर भडकले. "अरे भई, मतदार यादीत हीच माणसं चालतात ना?"

पुढच्या सोमवारी मी ठरवलं, प्रत्येकाला वेगळी तारीख द्यायची. आप्पांच्या गावात धोंडिबा नावाचा मेंढपाळ होता, आप्पांचं जुनं गिऱ्हाईक, तोंडानं फटकळ. त्याला विचारलं, तुम्हाला कुठली तारीख देऊ? तो जरा विचार करून म्हणाला, "दिवाळीतली द्या बाई. त्या दिशी घरात काय ना काय गोड असतंय."

दिली. त्या दिवाळीला मी त्याला शुभेच्छांचा मेलसुद्धा पाठवला. तो कधी कोणी उघडला नाही.

*

कोंडाबाई सत्तरीच्या. गुडघे धरत पायऱ्या चढून आल्या आणि विचारलं, "अंगठा कुठं लावू?"

मी म्हटलं, अंगठा नको, नुसतं नाव टाइप करते.

"अंगठा कावून नको? आजपत्तर सगळीकडं चालला की."

कसंबसं समजावलं. नाव टाइप केलं. स्क्रीनवर इंग्रजी अक्षरं आली, ती त्या बराच वेळ बघत राहिल्या. "हे माजंच नाव हाय, कशावरून?"

"माझ्यावर विश्वास ठेवा, मावशी."

"इश्वासावर तर लई जनाला निवडून दिलं, बाई," असं म्हणून त्या बाहेर बाकावर जाऊन बसल्या.

*

मास्तरांनी आपल्या जुन्या विद्यार्थ्यांचे ई-मेल मिळवले आणि सगळ्यांना अर्ज पाठवला. त्यात एक आप्पांच्याच गावचा, पुण्यात डॉक्टर झालेला. त्यानं सही केली, वर लिहिलं की सर, तुमचा अभिमान वाटतो, या सरकारला लाज वाटायला पाहिजे. मास्तरांनी ते सगळ्यांना वाचून दाखवलं.

धोंडिबानं विचारलं, "हा सोताच डॉक्टर हाय ना?"

"हो भई, मोठा डॉक्टर."

"मग ह्यालाच बलवा की."

मास्तरांनी त्याच दिवशी मला सांगून मेल पाठवला. आठ दिवसांनी उत्तर आलं, दोनच ओळींचं. सर, इच्छा खूप आहे, पण मुलांच्या शाळा आहेत. मास्तरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. आप्पा मागून विचारत होते, काय आलं का? मास्तर म्हणाले, "नेट बंद आहे आज." मी मॉनिटर बंद केला.

*

एके दिवशी यादीत अनोळखी नाव दिसलं. नॉर्वेचा कोणी माणूस. त्यानं सही करून खाली लिहिलं होतं, तुम्हाला लवकर डॉक्टर मिळो. मास्तरांनी ते तीनदा मोठ्यानं वाचलं. आप्पांनी कपिलधारहून आणलेलं भस्म मॉनिटरला लावलं. मी ते बरेच दिवस पुसलं नाही.

बातमी गावात गेली आणि गावातून पुढाऱ्याकडे. चौथ्या दिवशी त्याचा एक कार्यकर्ता कॅफेत आला. पांढरे कपडे, हातात दोन मोबाईल. "बाई, गावच्या राजकारनात विदेशी मानूस कावून घुसवला?" मी काही बोलायच्या आत त्यानं स्क्रीनवर बोट टेकवलं. "हा कोनत्या पार्टीचा हाय?"

धोंडिबा बाकावर बसला होता. म्हणाला, "त्याच्या गावात डॉक्टर हाय. त्याला पार्टी कशाला लागतीय बे?"

कार्यकर्ता हसला आणि गेला. पुढच्या सोमवारी आप्पा एकटेच आले. गावातलं कोणी सहीला यायला तयार नव्हतं. त्यांना कोण काय बोललं, ते मी विचारलं नाही. भीती मलाही वाटत होतीच.

*

साठ-सत्तर सह्यांवर गाडी थांबली. तेवढ्याच सह्यांचा अर्ज आम्ही जिल्ह्याच्या एका ऑफिसला मेल केला. पंधरा दिवस काहीच नाही, म्हणून आम्ही चौकशीला गेलो. तिथला कॉम्प्युटर कव्हरखाली झाकलेला, कव्हरवर मागच्या दसऱ्याच्या पूजेचा वाळलेला हार. क्लार्क म्हणाला, मशीन चालवणारा रजेवर आहे, प्रिंट आणा.

प्रिंट नेली. त्यानं ती उलटीपालटी करून पाहिली. "स्टॅम्प कुठाय? कोर्ट फीचा स्टॅम्प लागतो." आप्पांनी पिशवीतून काढून चिकटवला, त्यांच्याजवळ ते असायचेच. "आनि सह्या? ही तर टाइप केलेली नावं झाली."

मास्तर ताठ उभे राहून म्हणाले, "जनाब, ह्या सह्या ऑनलाइन आहेत."

क्लार्क काही वाईट माणूस नव्हता. म्हणाला, "मास्तर, सह्या ऑनलाइन दिल्या तर डॉक्टरबी ऑनलाइनच मिळंल."

सगळं ऑफिस हसलं. आप्पाही हसले, कारण अर्जावर आवक नंबर पडायचा अजून बाकी होता.

*

सह्यांची गावात जाऊन खातरजमा करावी, असा आदेश निघाला भाद्रपदात. तपासणारे साहेब गावात पोचले मार्गशीर्षात. तोवर अर्धंअधिक गाव ऊसतोडीला गेलेलं. कोणी कड्याच्या साखर कारखान्याला, कोणी पार कर्नाटकात. धोंडिबाही मेंढरं घेऊन बाहेर. साहेब एकेका कुलपासमोर उभे राहून यादीतलं नाव वाचायचे आणि पुढं लिहायचे, आढळून आले नाहीत.

आप्पा मागंमागं चालत सांगत होते, "साहेब, मानसं हायत. पोटामागं गेलीत. पाडव्याला या, सगळी उभी करतो."

साहेब म्हणाले, "अर्जात रहिवासी लिहिलंय. रहिवासी म्हणजे राहणारे."

शेवटी एका दारात कोंडाबाई सापडल्या, शेळ्या राखत बसलेल्या. आप्पांच्या जिवात जीव आला. साहेबांनी विचारलं, "आजी, ह्या अर्जावर तुम्ही सही केलीय का?"

जन्मात खोटं न बोललेली बाई. म्हणाली, "म्या न्हाई केली. टायपिंगच्या बाईनं केली."

आप्पांनी मला हे सांगितलं तेव्हा मला हसू आवरेना. मग त्यांच्याकडं लक्ष गेलं आणि मी पाणी आणायला उठले.

*

शेवटचा किस्सा सुनावणीचा. जिल्हा कचेरीत मोठ्या साहेबांनी आम्हाला बोलावलं. मास्तर आजारी, धोंडिबा अजून परतला नव्हता, म्हणून मी आणि आप्पाच गेलो. आप्पा स्वच्छ धोतर नेसून आले होते.

साहेब सभ्य होते. बसायला सांगितलं, चहा मागवला. म्हणाले, जी माणसं ऊसतोडीला गेलीत त्यांचं बघू, परत आल्यावर पुन्हा तपासता येईल. अडचण वेगळीच आहे. त्यांनी यादीतल्या पहिल्या नावावर पेन टेकवलं. "ही बाई मयत आहे असा रिपोर्ट आहे. मयत व्यक्तीची सही असलेला अर्ज मी पुढं कसा पाठवू? उद्या मलाच विचारतील."

पहिलं नाव मंगलचं होतं. ते मीच टाइप केलं होतं. अगदी पहिल्या सोमवारी, गावातलं कोणी यायच्या आधी, आप्पा एकटे आले होते आणि म्हणाले होते, "पयलं नाव पोरीचं टाका. डॉक्टर तिलाच पायजे होता." वीस वर्षं मी दुसऱ्यांच्या टायपिंगमधल्या चुका काढत आले. त्या दिवशी चूक मला ढळढळीत दिसत होती, तरी मी नाव पुरं केलं. त्याचं मला आजही वाईट वाटत नाही.

आप्पा खोटं बोलले नाहीत. "व्हय साहेब, मयत हाय. नाव म्याच टाकाय लावलं. पोरगी माजी."

साहेबांनी पेन बाजूला ठेवलं. मग आवाज उतरवून म्हणाले, "कळतं मला, आप्पा. मार्ग आहे. तिच्या मृत्यूचा दाखला जोडा. तेवढं एक नाव कमी करू आणि बाकीचा अर्ज लगेच पुढं पाठवू."

मला वाटलं, सुटलं एकदाचं. पण आप्पा तसेच बसून होते, पिशवी मांडीवर घेऊन.

"दाखला न्हाई, साहेब."

"का? ग्रामपंचायतीत मिळतो की."

"गेलतो. लई डाव गेलतो. ग्रामसेवक म्हनतो, पोरगी सरकारी दवाखान्यात वारली, म्हून नोंद दवाखान्याच्या कागदावरूनच व्हती. त्या कागदावर तिथल्या डॉक्टरची सही लागती."

साहेबांनी पेनाला टोपण लावलं, फाइल मिटली आणि आप्पांच्या बाजूला सरकवली.

"मग आणा की," ते म्हणाले. "एका सहीचं तर काम आहे."