शेजारणीच्या मुलीला बघायला सिस्टर आल्या

लग्नं जमवण्यात आणि मोडण्यात आमच्या बाळकुममध्ये माझा हात धरणारं कोणी नाही. जमवल्याचं श्रेय लोक देत नाहीत आणि मोडल्याचं मी स्वतः कुणाला सांगत नाही, पण कामं बरोबर माझ्याकडेच येतात. मामाने आणलेलं स्थळ असतं, मुलीकडच्यांना नको असतं, पण तोंडाने नाही म्हणायची सोय नसते. मग समोरच्यांनीच नकार द्यावा अशी तजवीज करावी लागते. ती मी करते. खोटं बोलत नाही हं! मुलीत जे आहे तेच सांगते, फक्त सगळं एकदम सांगते.

त्यामुळे समोरच्या दारातली शेजारीण तोंड एवढंसं करून आली आणि म्हणाली, "वहिनी, आमच्या पोरीला बघायला येतायत," तेव्हा मी गॅस बंद करून पदरच खोचला.

"मुलगा काय करतो?"

"मुलगा कुठला? सिस्टर येतायत. हिला चर्चची सिस्टर व्हायचंय."

मी पुन्हा गॅस लावला. चहाशिवाय हे ऐकण्यासारखं नव्हतं.

आमची शेजारीण कॅथलिक, माहेर वसईकडचं. तिचे मिस्टर गेल्यापासून घरात मायलेकी दोघीच. दिवाळीत माझ्या चकल्या तिच्याकडे जातात, नाताळात तिच्या करंज्या माझ्याकडे येतात, आणि तिच्या करंज्या माझ्यापेक्षा खुसखुशीत होतात याचा मला आजही राग आहे. पोर माझ्या डोळ्यांसमोर वाढलेली. ठाण्याला कोर्टाजवळ एका वकिलाच्या ऑफिसात नोकरीला, आणि स्वतःच वकील असल्यासारखी बोलणारी. रविवारी चर्च झालं की ठाकुर्लीच्या पुढे सिस्टरांचं एक घर आहे, तिथे जायची. ज्यांना कोणी नाही अशा म्हाताऱ्या बायका तिथे राहतात. ही त्यांची नखं कापायची, वेण्या घालायची. घरी आईला कपभर चहा करून द्यायची नाही, आणि तिकडे परक्या म्हाताऱ्यांच्या पायांची नखं! मी एकदा बोलून पण दाखवलं. तर म्हणाली, "काकी, तुमची पण कापते, द्या पाय." अशी ही बया.

"मग सरळ नाही म्हण ना," मी शेजारणीला म्हटलं.

"कुठल्या तोंडाने म्हणू? चर्चमध्ये सगळे माझं अभिनंदन करतायत! फादर म्हणाले, देवाने तुझ्या घरातून बोलावलंय, केवढं भाग्य. हल्ली मुली जात नाहीत ना कोणी. आणि मी काय सांगू, देवा, दुसऱ्या घरी बघ?" तिला हुंदका आला. "वहिनी, मी एकटी काय करू हो त्या घरात? भिंतींशी बोलू?"

मलाही भरून आलं. पण रडण्यात वेळ घालवणं माझ्या स्वभावात नाही. मी चौकशी सुरू केली. घ्यायच्या आधी सिस्टर घरी येतात, घर बघतात, आईशी बोलतात, आजूबाजूला विचारतात की पोर कशी आहे. म्हटल्यावर हे आपल्याच विषयातलं निघालं! पसंतीचा कार्यक्रम असला की नापसंतीही होतेच.

"तू काही बोलू नकोस," मी तिला बजावलं. "तुझ्या तोंडून 'नाही' जायला नको. ते मी बघते. आणि खायला पोहे कर."

"आमच्यात केक देतात वहिनी."

"केक बेकरीतून येतो, त्याने कुणाचं काही बिघडत नाही. पोहे. आणि पोरीच्या हातचे."

पोरीचे पोहे मी खाल्लेले आहेत. शत्रूलाही देऊ नयेत.

रविवारी दुपारी सिस्टर आल्या. एक म्हातारी, काटक, फिकट निळी साडी, पायात पुरुषी सँडल. दुसरी तरुण, गप्प. स्टेशनवरून शेअर रिक्षाने आलेल्या. मला वाटलेलं म्हातारी इंग्लिश फाडेल, म्हणून मी धाकट्या सुनेकडून चार वाक्यं शिकून ठेवलेली. पण ती मूळची केरळची आणि सगळा जन्म मुरबाडच्या पाड्यांवर काढलेली. दारातच सँडल काढत मला म्हणाली, "काय बाय, बरी हाईस ना?" माझी चारही वाक्यं फुकट गेली.

पोरीने पोहे आणले. मीठ मुठीने घातलेलं, कांदा कच्चा, मोहरी न तडतडलेली. मी मनातल्या मनात शाबासकी दिली. म्हातारीने पहिला घास घेतला, थांबली, पाण्याचा घोट घेतला आणि बशी साफ केली. वर म्हणाली, "आणखी हाय का गं?"

मी म्हटलं, "सिस्टर, तिला स्वयंपाक येत नाही. खरंच येत नाही. आईने लाडावून ठेवलंय."

"आमच्यात स्वयंपाकाची पाळी असते," म्हातारी म्हणाली. "माझी पाळी आली की बाकीच्यांना उपास आठवतात. ही आली तर मी एकटी बदनाम राहणार नाही."

तरुण सिस्टर पहिल्यांदा हसली. मला ते आवडलं नाही. पहिला वार वाया गेलेला.

"उठत नाही सकाळी," मी दुसरा काढला. "सूर्य डोक्यावर आला तरी अंथरुणात. तुमच्यात म्हणे पहाटे प्रार्थना असते."

"झोप चांगली लागते?" म्हातारीने पोरीलाच विचारलं. "गाढ? देवाची कृपा. आमच्या म्हाताऱ्या रातभर हाका मारतात. ज्या सिस्टरला हाक संपली की परत झोप लागते तीच टिकते बाय, बाकीच्या आजारी पडतात."

आता मला घाम फुटला. असली सासू मी जन्मात पाहिली नव्हती. मुलीतलं वैगुण्य सांगावं तर ही ते ओटीत घेते! शेजारीण सोफ्याच्या कडेला बसून हातातला रुमाल पिळत होती आणि माझ्याकडे बघत होती. पोर स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून माझ्याकडे बघत होती. तिच्या डोळ्यांत मात्र मला सरळ दिसत होतं की काकीचं काय चाललंय ते तिला पहिल्या वाक्यापासून कळलंय.

मी हुकमी पान टाकलं. "भांडखोर आहे हो! रिक्षावाल्याने मीटर टाकायला नकार दिला तर रिक्षातून उतरलीच नाही. स्टँडवर ही गर्दी. शेवटी पोलीस आले."

म्हातारी पुढे सरकली. "मग? मीटर टाकला?"

"टाकला," मला सांगावंच लागलं.

म्हातारीने तरुण सिस्टरकडे बघितलं. तिनेही मान हलवली. "आमच्याकडे टँकरवाला रोज 'येतो' म्हणतो आणि येत नाही," म्हातारी म्हणाली. "म्हाताऱ्या आंघोळीवाचून बसतात. आम्ही सगळ्या त्याच्याशी गोड बोलतो. तिथंच चुकतंय."

झालं! पोरीला नोकरी लागल्यातच जमा. मी इतकी चिडले की पोह्यांची बशी स्वतःकडे ओढून दोन घास खाल्ले, आणि खारट पोह्यांनी मला ठसका लागला.

मग म्हातारीचा चेहरा बदलला. बशी बाजूला ठेवून तिने शेजारणीकडे बघितलं आणि हळू आवाजात म्हणाली, "मला एकच काळजी हाय. ही गेली तर तू एकटी. दुखलंखुपलं तर तुझ्याकडे बघणार कोण? कोणी नसेल तर मी हिला नेणार नाही. आईला उघड्यावर टाकून देवाची सेवा होत नाही."

हाच तो क्षण होता. देवाने ताटात वाढून दिलेला. मला फक्त मान खाली घालायची होती, एक उसासा टाकायचा होता आणि म्हणायचं होतं, 'कोणी नाही हो तिला.' शेजारीण डोळ्यांनी मला तेच सांगत होती. पण "बघणार कोण" ऐकलं आणि माझं डोकंच सणकलं. माझ्या घरात बसून, म्हणजे तिच्याच घरात, पण माझ्यासमोर, असं विचारायचं?

"म्हणजे?" मी ओरडले. "मी काय मेले की काय? तिचं ऑपरेशन झालं तेव्हा डबा कोणी दिला? समोरासमोर दारं आहेत आमची! तिला शिंक आली तर मला ऐकू येते!"

शेजारणीने डोळे मिटून घेतले. म्हातारी समाधानाने मागे टेकली. "मग चिंता मिटली," म्हणाली.

जिभेला हाड नाही ते असं. मी स्वतःला काय काय शिव्या घातल्या ते इथे लिहीत नाही. आता काहीतरी करून हे सावरायला हवं होतं, म्हणून मी उरलंसुरलं सगळं ओतलं. "पण ती कोणाचं ऐकत नाही सिस्टर! कोणाचंच नाही. आईचं तर मुळीच नाही. बोलायला गेलं की उलट उत्तर. आडमुठी आहे, आडमुठी!"

हा बसला. म्हातारीने तरुण सिस्टरकडे बघितलं, या वेळी ती हसली नाही.

"हे मात्र अवघड," म्हातारी सावकाश म्हणाली. "आमच्यात तीन वचनं असतात. लग्न न करणं आणि जवळ पैसा न ठेवणं, ती दोन जमतात. तिसरं आज्ञा पाळायचं. आज इथं, उद्या सांगितलं तर तिकडं, बॅग उचलायची, का म्हणून विचारायचं नाही. आईचंच जिनं ऐकलं नाही, तिला ते जमायचं नाही. बरं झालं सांगितलंस बाय."

जिंकले! मी शेजारणीकडे बघितलं. आता ही सुटकेचा श्वास टाकेल, मग आम्ही दोघी संध्याकाळी माझ्याकडे चहा पिऊ आणि खो खो हसू.

शेजारणीचा चेहरा लालबुंद झालेला.

"कोण म्हणतं ऐकत नाही?" ती माझ्यावर खेकसली. माझ्यावर! इतक्या वर्षांत ती माझ्याशी चढ्या आवाजात बोललेली नाही. "वहिनी, काही काय बोलता? माझी पोर माझं ऐकत नाही? सिस्टर, मागच्या वर्षीच जायचं होतं हिला. बॅग भरलेली होती. मी म्हटलं थांब, आत्ता नको, मला नाही सोसवणार. तिने बॅग रिकामी केली. कपडे परत कपाटात लावले आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसला गेली. परत एकदा तरी विषय काढला का? विचारा तिला. वर्षभर! मीच शेवटी न राहवून फादरना भेटले. असली पोर शोधून सापडणार नाही, आणि म्हणे आडमुठी!"

बोलून झाल्यावर तिच्या लक्षात आलं आपण काय केलं ते. मला हे माहीतच नव्हतं. समोरासमोर दारं, आणि ती भरलेली बॅग मला दिसली नव्हती.

म्हातारी शेजारणीकडे वळली. मग म्हणाली, "तेव्हा आईने सांगितलं थांब. आता आई काय सांगते?"

पोर दारातच उभी होती, हातात आमच्या खरकट्या बश्या. तिने आईकडे बघितलं. ना विनवणी, ना रुसवा. आणि मला कळून चुकलं की ही खरंच ऐकणार आहे. आई थांब म्हणाली तर ही आत जाऊन बश्या धुवेल, उद्या वकिलाकडे कामावर जाईल आणि जन्मभर थांबेल, तोंडातून शब्द काढणार नाही. शेजारणीलाही तेव्हाच कळलं असणार. कारण थांब म्हणायला तिने तोंड उघडलं होतं, ते मिटलं.

"जा," ती म्हणाली.

मी एवढ्या मोठ्याने रडायला लागले की म्हातारीने पाण्याचा ग्लास आईऐवजी माझ्याच हातात दिला. शेजारीण रडली नाही. उठून पोरीजवळ गेली, तिच्या हातातल्या बश्या काढून घेतल्या आणि म्हणाली, "तू बस त्यांच्याजवळ. मी धुते."